रॅम्पवरचे आख्यान

हिंदी चित्रपटाला दिवाळीचा मुहूर्त मिळणे हा मोठा मान समजला जातो. त्या मुहूर्तावर सहसा एकत्र कुटुंबाचे, लग्नाकार्याचे, गेला बाजार मारामारीचे चित्रपट लागतात. २००८ साली मात्र लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, मधुर भांडारकरांनी ‘फॅशन’ आणला. घरोघर फराळाचे डबे उघडलेले आणि पडद्यावर, दोन चकल्या जास्त झाल्या तर ज्यांच्या पोटावर पाय येईल अशा मुलींची कहाणी! योगायोग मोठा खट्याळ म्हटला पाहिजे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. चंदिगडची मेघना माथुर (प्रियांका चोप्रा) वडिलांचा विरोध पत्करून मॉडेल होण्यासाठी मुंबईला येते. तिथे शोनाली गुजराल (कंगना राणावत) या विख्यात मॉडेलचे राज्य चालू असते. मेघना चढते, शोनाली घसरते. पुढे मेघनाही घसरते, घरी परतते आणि पुन्हा उभी राहते. शोनालीचा मात्र अंत होतो. तिसरी आहे जॅनेट. ही भूमिका पुण्याच्या मुग्धा गोडसेने केली आणि तो तिचा पहिलाच चित्रपट. जॅनेट फार चढत नाही, म्हणून फार घसरतही नाही. व्यवहार पाहून एका डिझायनरशी लग्न करते आणि पुढे चालू लागते. प्रियांका आणि कंगना या दोघींना या भूमिकांबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. न घसरणाऱ्या बाईकडे निरखून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हेच खरे.

मध्यंतरी एका रविवारी आम्ही सहकुटुंब हा चित्रपट घरीच पाहिला. सहकुटुंब म्हणजे आमच्या मातोश्री, सौभाग्यवती, बारावीतली कन्या आणि अस्मादिक. मातोश्रींनी आयुष्यात कीर्तने पुष्कळ ऐकली आहेत. पहिल्या तासाभरातच त्या म्हणाल्या, “अरे, हे तर आख्यानच लावलंय की!”

मी मराठी साहित्याचा प्राध्यापक. समीक्षेवरचे जाडजूड ग्रंथ माझ्या कपाटात आहेत. पण एवढे नेमके वाक्य मला त्यांत सापडले नसते.

खरोखरच, भांडारकर हे आपल्या काळातले कीर्तनकार आहेत. २००१ साली ‘चांदनी बार’, २००५ साली ‘पेज थ्री’, २००६ साली ‘कॉर्पोरेट’, २००७ साली ‘ट्रॅफिक सिग्नल’ आणि मग ‘फॅशन’. बुवा तेच, फक्त देऊळ बदलते. कीर्तनकार मोहाचे वर्णन कसे अर्धा तास रंगवून करतात आणि वैराग्य पाच मिनिटांत उरकतात, तसाच हाही प्रकार. श्रोत्यांनाही तेच हवे असते. विलास डोळे भरून पाहायचा आणि शेवटी “काय ही दुनिया!” म्हणून हळहळत घरी जायचे. एका तिकिटात चैन आणि पुण्य दोन्ही!

पाप वाढत चालले हे श्रोत्यांना कळावे यासाठी बुवांनी खुणाही ठरवून ठेवल्या आहेत. आधी मेघनाच्या हातात सिगारेट येते, मग पेला, मग पांढरी पूड. “आता ही बिघडणार,” सौ. दर वेळी आगाऊ सूचना देत होत्या आणि मेघना त्यांचा शब्द खाली पडू देत नव्हती. मातोश्रींना वेगळीच चिंता. “ह्या मुली जेवतात तरी कधी?” हा प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला. चौथ्यांदा कन्येने शेवेची वाटी त्यांच्या हाती दिली, तेव्हा कुठे चित्रपट पुढे सरकला.

कन्येचे लक्ष निराळीकडे होते. “बाबा, पण ह्यांचं काम काय असतं ते नीट दाखवतच नाहीत,” ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. रॅम्पवर चालणे हे काम आहे. मापे द्यायची, दुसऱ्याने शिवलेला कपडा अंगावर टाचण्या लावून घेत तासन्‌तास उभे राहायचे, पडद्यामागे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोशाख बदलायचा आणि मग शेकडो डोळ्यांसमोरून चेहऱ्यावरची रेषाही न हलवता जाऊन परत यायचे. परीक्षेच्या वेळी बाकांच्या दोन रांगांमधून मीही गेली अनेक वर्षे तसाच निर्विकार चालत आलो आहे. त्यामुळे हे किती अवघड आहे ते मी जाणतो. माझ्याकडे निदान कोणी कौतुकाने पाहत नाही, एवढीच सोय. ‘शोस्टॉपर’ म्हणजे सर्वांत शेवटी येणारी मानाची मॉडेल. आपल्या समारंभात अध्यक्ष असेच शेवटी येतात. फरक एवढाच की, शोस्टॉपर येते तेव्हा प्रेक्षक अजून सभागृहात असतात.

या सगळ्या कष्टांपेक्षा बुवांना घसरणीत गोडी अधिक. मेघनाने अगदी तळ गाठला हे समजावे म्हणून त्यांनी काय दाखवले? नशेच्या रात्रीनंतर ती जागी होते, तो शेजारी एक अनोळखी कृष्णवर्णीय पुरुष. इथे मात्र माझे हसू थांबले. बाई किती खाली गेली हे शेजारच्या माणसाच्या कातडीच्या रंगावरून मोजायचे! ही मोजपट्टी भांडारकरांना मॉडेलांच्या दुनियेतून आणावी लागली नसावी. ती आपल्याच घरात, वधूवरांच्या जाहिरातींत पडलेली असते. ‘गोरी, सडपातळ, उंची पाच फूट चार इंच’ ही वाक्ये कोणत्याही मॉडेलिंग संस्थेच्या नोंदवहीत जशीच्या तशी खपून जातील.

आणि वाचकहो, रॅम्प तरी आपल्याला नवा आहे काय? कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा. समोर सोफ्यावर परीक्षक मंडळ बसलेले. आतून मुलगी यायची. साडी आईने निवडलेली, केशभूषा मावशीची, हातात पोह्यांच्या बश्यांचा ट्रे. “बाळ, जरा चालून दाखव पाहू,” असे मुलाची आत्या म्हणायची आणि मुलगी खिडकीपर्यंत जाऊन परत यायची. हसायचे नाही, अडखळायचे नाही, बशी हिंदकळू द्यायची नाही. मेघनाला चालण्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे मुलगी चालायची आणि पैसे तिचा बापच मोजायचा. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून ते मोजणे फक्त दाराआड गेले.

हे मी एका गृहस्थांना सांगितले होते, तो प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका उंच, तरतरीत मुलीला दागिन्यांच्या जाहिरातीसाठी विचारणा झाली. तिचे वडील माझ्याकडे आले. ‘फॅशन’ पाहूनच आले होते. “सर, तुम्हीच तिला समजवा. शेवटी त्या शोनालीचं काय झालं, पाहिलंत ना?” बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढले. त्यात त्याच मुलीची छायाचित्रे होती: उभी, बसलेली, डावीकडून, उजवीकडून. वधूवर सूचक मंडळात ती द्यायला ते इथूनच जाणार होते.

मी म्हणालो, “ही छायाचित्रे किती घरांत फिरली?”

“असतील वीस-पंचवीस.”

“आणि पसंत नाही म्हणून किती परत आली?”

ते काही बोलले नाहीत. पाकीट मात्र त्यांनी हळूच पिशवीत ठेवले. मग आम्ही दोघांनी बसून, करारात काय लिहिले आहे, पैसे केव्हा मिळणार, चित्रीकरण किती वाजता संपणार आणि बरोबर कोण जाणार, एवढेच चार प्रश्न कागदावर उतरवले. मुलीने ती जाहिरात केली, त्या पैशांतून पुढच्या वर्षाची फी भरली आणि पदवीही घेतली. दुसरी जाहिरात तिला आली नाही. तिने फार वाट पाहिली असेही नाही. जाहिरातीचा फलक आमच्या रस्त्यावर लागला होता, तेव्हा समोरच्या बसथांब्यावर मला तिचे वडील दिसले. त्यांच्या नंबरच्या दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. गृहस्थ मान वर करून उभेच.

‘फॅशन’मध्येही मला आवडला तो एक बापच. हरून, मिटून घरी बसलेल्या मेघनाला तो पुन्हा मुंबईला जायला सांगतो. ज्याने आधी दार अडवले, तोच ते उघडतो. शोनालीच्या पाठीशी असे घर कुठे दिसत नाही. रॅम्पवर तिचे वस्त्र ऐन वेळी घसरते, तेव्हा तिच्याकडे वळतात ते कॅमेरे. दोघींची नशा एक, धंदा एक, शहर एक. वेगळे होते ते परतीचे दार. हे आख्यानाचे खरे तात्पर्य बुवांच्या हातून घाईत निसटून गेले आहे. आपण तरी ते उचलून घ्यावे.

कारण सुंदर स्त्रीच्या चित्राशिवाय आपले तरी कुठे चालते? १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या लीला चिटणीस बी.ए. झालेल्या होत्या. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी आणि मुखपृष्ठावरची सुंदरी बरोबरच येत राहिल्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची लक्ष्मी घरोघरच्या भिंतीवर आली. रविवर्मा समोर जिवंत स्त्रिया बसवून चित्रे काढीत. गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे रूप त्यांच्या आणि धुरंधरांच्या कुंचल्याला स्फूर्ती देणारे ठरले. त्याच अंजनीबाईंना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, तेव्हा कोणी त्यांच्या पतनाचे आख्यान लावले नाही.

तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाच्या वेळी तसबिरीतल्या देवीला नमस्कार करताना, तिच्यासाठी कमळ धरून, पाठ दुखेपर्यंत उभ्या राहिलेल्या कुणा अनामिक बाईलाही एक नमस्कार करावा. मग खुशाल ‘फॅशन’ लावावा आणि फराळाचे ताट जवळ ओढून बसावे. पडद्यावरच्या त्या मुलींच्या वाट्याच्या चकल्या कोणीतरी खाल्ल्याच पाहिजेत.