कानातली वीज आणि गांधीबागेतला भाव

आतल्या कानातील शंखाकृती कॉक्लियामध्ये ध्वनिकंपनांचे चेतासंदेशात रूपांतर करणाऱ्या सुमारे 3,500 अंतःकेशपेशी असतात. त्या निकामी झाल्या की कॉक्लियर इम्प्लांट त्यांना वगळून श्रवणचेतेला थेट वीज पुरवते. मात्र जवळजवळ 30,000 चेतातंतूंसाठी या यंत्रात इलेक्ट्रोड असतात साधारण 12 ते 22, आणि म्हणूनच वीज कोणत्या रीतीने सोडली जाते, यावर ऐकू येणाऱ्या आवाजाचे रूप बरेचसे ठरते.

कॉक्लियाच्या मुखाशी उंच स्वर आणि टोकाशी खालचे स्वर उमटतात, त्यामुळे इम्प्लांटचा प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा त्याच्या जागेच्या इलेक्ट्रोडकडे पाठवतो. परंतु कॉक्लियातील द्रव विजेचा सुवाहक असल्याने सर्व इलेक्ट्रोड एकाच वेळी चालवले, तर त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळून शब्द गढूळ होतात. संशोधक ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेल्या पद्धतीत विजेचे स्पंद आळीपाळीने, एका वेळी एकाच इलेक्ट्रोडवर दिले जातात, आणि प्रत्येक पट्ट्यातील आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्यांचे बळ बदलते. बदल दिसायला किरकोळ, पण शांत खोलीत केवळ ऐकून संभाषण करणे अनेकांना त्यामुळेच साधले.

या पद्धतीत चढउतार टिकतो, पण स्वराची बारीक वीण हरवते. मराठीपुरते पाहिले, तर ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील भेद मुख्यतः काळाचा, म्हणजे श्वासाच्या झोताला लागणाऱ्या क्षणाचा असल्याने तो तुलनेने हाती लागतो. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेद मात्र जीभ कुठे टेकते यावर, पर्यायाने स्वरपट्ट्यांच्या सूक्ष्म फरकावर अवलंबून असल्याने अधिक अवघड ठरतो. नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात हॉर्न, हातगाड्या आणि चार दुकानदारांचे बोलणे एकदम कानी पडते, तेव्हा निरोगी कान स्वराच्या उंचीवरून माणसे वेगळी काढतो, तर इम्प्लांटला तेच जमत नाही. गिऱ्हाईकाने ‘दोनशे?’ असे विचारले की दुकानदाराने ‘दोनशे.’ असे सांगितले, हे केवळ सुरावरून ओळखणेही कठीण जाते. गाण्याचा ताल कळतो, पण राग ओळखणे दुरापास्तच.

शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांत प्रवाह विभागून मधला स्वर जागवणे, खालच्या पट्ट्यांत स्पंदांची वेळ मूळ ध्वनीच्या लहरींशी जुळवणे, असे उपाय आता वापरात आहेत. जाहिरातीत मिरवणाऱ्या ‘आभासी वाहिन्यां’च्या, म्हणजे अशा मधल्या स्वरांच्या, आकड्यांमुळे मात्र फार हुरळून जाऊ नये, प्रवाह पसरतोच.

हे यंत्र मुलांपर्यंत पोचावे म्हणून, दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेच्या 2014 च्या सुधारित रूपात पात्र मुलांच्या इम्प्लांटसाठी 6 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, आणि त्यासाठी मुंबईची अली यावर जंग संस्था मध्यवर्ती यंत्रणा ठरली. शस्त्रक्रियेनंतर होते ते मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडवर किमान किती प्रवाह ऐकू येतो आणि किती सोसवतो, याची आखणी. लहान मूल ते सांगू शकत नाही. म्हणून कोणत्या हाकेला ते वळते, कोणत्या आवाजाला दचकते आणि कोणते अक्षर गाळून बोलते, याची आईवडिलांनी ठेवलेली टिपणे श्रवणतज्ज्ञाला पुढच्या मॅपिंगसाठी उपयोगी पडतात.