कडक साहेब आणि तीन पिढ्या

मुंबई-पुण्याकडील अनेक सुशिक्षित घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं एक वाद वारंवार ऐकूं येतो. मुलगा कामावरून नऊ वाजतां परततो. ताटावर बसतो न बसतो तोंच फोनवर साहेबाचा निरोप येतो आणि जेवण अर्धें टाकून तो संगणक उघडतो. ही नोकरी सोडण्याचा विचार त्यानें बोलून दाखविला, कीं वडील म्हणतात, "साहेबापुढें तोंड उघडण्याची आमची छाती नव्हती, तरी पस्तीस वर्षें एका खुर्चीवर काढलींच." आजोबांचा शेरा याहून थोडक्यांत असतो : "तुम्हांला कष्ट नकोत." त्यावर मुलगा उत्तरतो, "तुमचा काळ निराळा होता." येथें वाद थांबतो, कारण प्रत्येकास आपलें म्हणणें स्वयंसिद्ध वाटतें. परंतु काळ निराळा होता म्हणजे नेमकें काय निराळें होतें, हें पाहूं गेल्यास या वादाचें स्वरूपच पालटतें.

आरंभ मुंबईच्या गिरण्यांपासून करणें सोयीचें आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं सूतगिरणी काढण्यासाठीं कंपनी स्थापिली व १८५६ मध्यें ती गिरणी सुरू झाली. पुढील कांहीं दशकांत रत्नागिरी, सातारा इत्यादि जिल्ह्यांतून हजारों माणसें गिरणगांवांत येऊन राहिलीं. कामाचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होई व सूर्यास्ताबरोबर संपे. म्हणजे उन्हाळ्यांत तो तेरा-चौदा तासांचा होई. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हां सूर्यास्ताची ही नैसर्गिक मर्यादाही उरली नाहीं. खुद्द मालक कामगाराच्या दृष्टीस क्वचितच पडे. त्याच्या डोक्यावर उभा असे तो जॉबर. माणसास कामावर घेणें, काढून टाकणें आणि त्याबद्दल दस्तुरी उकळणें हें सर्व या जॉबरच्या हातीं असे.

ही पिढी मान खालीं घालून निमूटपणें राबली, अशी समजूत पुढील पिढ्यांनीं करून घेतली आहे. इतिहास निराळें सांगतो. जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचें निवेदन तयार केलें. त्यांतील मागण्या आज वाचतांना त्यांच्या साधेपणाचेंच नवल वाटतें : रविवारीं सुट्टी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा, आणि यंत्रानें जायबंदी झालेल्यास कांहीं भरपाई मिळावी. एवढ्यासाठीं सहा वर्षें झगडावें लागलें. १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारीं दुपारच्या जेवणानंतर आजोबा नातवास कष्टाचें महत्त्व समजावून देतात, तो रविवारही असा कुणीतरी ‘नाहीं’ म्हटल्यामुळेंच घरांत आलेला आहे.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गिरणी-कामगार कामाच्या वेळांत यंत्र सोडून रेंगाळतो, अशी तक्रार १९०८ च्या सरकारी आयोगासमोर मालकवर्गाकडून करण्यांत आली होती. चौदा तासांच्या दिवसांत विसांवा मिळेना, म्हणून कामगार तो आपल्या परीनें काढून घेई. शिमग्यास वा गणपतीस गांवीं गेलेला माणूस लवकर परतत नसे, तोही याच हिशेबाचा भाग होता. आज जी पिढी कष्टाळूपणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते, तीही आपल्या काळीं आळशीच ठरली होती ! कायद्यानें मात्र हळूहळू कामगाराचेंच म्हणणें मान्य केलें. १९११ सालीं कापड-गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. आठवड्याची मर्यादा १९२२ मध्यें साठ तास, १९३४ मध्यें चोपन्न तास व १९४६ मध्यें अठ्ठेचाळीस तास झाली.

स्वातंत्र्यानंतर दुसरी पिढी कचेऱ्यांत शिरली. १९५६ सालीं आयुर्विम्याचें आणि १९६९ सालीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. रेल्वे, टपाल, सचिवालय हीं तर होतींच. या पिढीचा साहेबही कडक होता. उशीर झाला कीं हजेरीपटावर लाल रेघ पडे, गोपनीय अहवालांतील एका ओळीनें बढती अडे, रजेच्या अर्जासाठीं दाराबाहेर तिष्ठावें लागे. परंतु या सोसण्यास एक निश्चित मोबदला होता. दरसाल ठरलेली वेतनवाढ, सेवाज्येष्ठतेनें येणारी बढती, भविष्य-निर्वाह निधि, निवृत्तिवेतन, आणि मुख्य म्हणजे साहेबाची मर्जी गेली तरी सहसा न जाणारी नोकरी. साहेब बदलून जाई. कारकुनाची खुर्ची कायम राही. शिवाय सायंकाळीं साडेपांच-सहास कचेरीचें दार बंद झालें, कीं साहेबाचा अंमलही तेथेंच संपे. लोकलमधील भजनी मंडळ, गल्लींतील गणेशोत्सव, नाट्यसंस्था, वाचनालयें हें सारें या पिढीनें जोपासलें, तें त्या मोकळ्या सायंकाळच्या जोरावर. वडिलांची निष्ठा खरी होती यांत शंका नाहीं. परंतु तो एक अलिखित करार होता आणि मालकानेंही त्याची आपली बाजू पाळली होती.

हा करार मोडला तो नव्या पिढीनें नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत सुमारें अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले आणि पिढीजात नोकरीची कल्पनाही त्यांजबरोबर गेली. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर खासगी क्षेत्र वाढलें व कंत्राटी पद्धत रुळली. केंद्र सरकारच्या नोकरींत १ जानेवारी २००४ पासून (सैन्यदलें वगळून) आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकरींत १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानें येणाऱ्यांस ठरीव निवृत्तिवेतनाऐवजीं अंशदानाची योजना लागू झाली. तिसऱ्या पिढीच्या हातीं पहिल्याच वर्षीं जो पगार पडतो, तो वडिलांस निवृत्त होतांनाही मिळाला नसेल. पण नोकरीचें आयुष्य दोन-तीन महिन्यांच्या सूचनेएवढें असतें. अशा स्थितींत तरुण माणूस निष्ठेचा हिशेब मागूं लागला, तर त्यास कृतघ्न म्हणतां येत नाहीं. शिवाय कचेरीचें बंद होणारें दारही आतां उरलेलें नाहीं. तें त्याच्या खिशांत, फोनच्या रूपानें, रात्रंदिवस उघडें असतें. आणि २०२० च्या टाळेबंदींत तर घर हीच कचेरी झाली.

कायद्याचा आधारही येथें अपुरा पडतो. महाराष्ट्राचा दुकानें व आस्थापनांविषयींचा कायदा २०१७ सालीं झाला, तेव्हां त्यांत दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. परंतु व्यवस्थापकीय वा गोपनीय स्वरूपाचें काम करणारीं माणसें तिच्या बाहेर ठेवलेलीं होतीं. कामाच्या वेळेनंतर साहेबाच्या निरोपास उत्तर न देण्याचा हक्क असावा, असें खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत मांडलें. फ्रान्समध्यें तसा कायदा १ जानेवारी २०१७ पासून अमलांत आलेला होता.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२३ मध्यें एन. आर. नारायण मूर्ति यांनीं तरुणांनीं आठवड्यास सत्तर तास काम करावें, असें मत मांडलें आणि देशभर वाद पेटला. जानेवारी २०२५ मध्यें लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांविषयींचे उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हां तो पुन्हां भडकला. मूर्ति यांच्या म्हणण्यामागें त्यांचा अनुभव आहे, हें मान्य केलें पाहिजे. १९८१ सालीं पुण्यांत इन्फोसिस स्थापन करणाऱ्या मंडळींनीं घड्याळ पाहून काम केलें नसणार. तथापि संस्थापकाचा सत्तरावा तास आणि पगारी नोकराचा सत्तरावा तास यांची किंमत एक नसते. पहिल्या तासांतून संस्थापकाची स्वतःची मालमत्ता उभी राहते. दुसऱ्यांतून बहुधा दुसऱ्याची. शेतकरी स्वतःच्या शेतांत अंधार पडेपर्यंत राबतो, म्हणून सालगड्यानेंही तितक्याच हौसेनें राबावें, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

अधिक तास म्हणजे अधिक काम, हा हिशेबही तपासून पाहिला गेला आहे. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याची अतोनात निकड असतांना ब्रिटिश सरकारनें १९१५ सालीं कामगारांच्या आरोग्याविषयीं समिति नेमली. तास कमी केले तरी एकूण उत्पादन घटतेंच असें नाहीं, कित्येकदां तें वाढतें, असें तिच्या पाहणींत आढळलें. थकलेला हात चुका करतो आणि त्या सुधारण्यांत पुढचा तास जातो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें आठवड्यास पंचावन्न तास किंवा अधिक काम करणाऱ्यांस, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या मानानें, पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व हृदयविकारानें मरण्याचा धोका १७ टक्क्यांनीं अधिक असतो. ज्या जपानचें उदाहरण कष्टाळूपणासाठीं दिलें जातें, त्या जपानच्या भाषेंत अतिश्रमानें येणाऱ्या मृत्यूस ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द पडला आणि २०१४ सालीं त्याच्या प्रतिबंधासाठीं तेथें कायदा करावा लागला. पुण्यांत २०२४ सालीं हिशेब-तपासणीच्या एका मोठ्या आस्थापनेंतील सव्वीस वर्षांची तरुणी नोकरीस लागून कांहीं महिन्यांतच मरण पावली. तिच्या आईनें वरिष्ठांस पत्र लिहून कामाच्या बोज्यास दोष दिला. आस्थापनेनें तो नाकारला. वैद्यकीय कारण कांहींही असो, त्या पत्रानें असंख्य घरांतील आईबाप पहिल्यानेंच आपल्या मुलांस विचारूं लागले, कीं तूं जेवतोस केव्हां आणि निजतोस केव्हां ?

यावरून कडक साहेब म्हणजे वाईट साहेब, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. कडकपणा दोन प्रकारचा असतो. एक साहेब कामाच्या बाबतींत कडक असतो. मसुदा चारदां परत करतो, चूक दाखवितो, ती कां झाली हें सांगतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेला माणूस पुढें जन्मभर त्याचें नांव काढतो. दुसरा वेळेच्या बाबतींत कडक असतो. काम झालें तरी खुर्ची सोडूं देत नाहीं आणि हजेरीलाच कर्तबगारी समजतो. नव्या पिढीची चूक होते ती येथें : दुसऱ्याचा राग ती कित्येकदां पहिल्यावर काढते, दुरुस्तीस अपमान समजते, आणि शिकण्याजोगी जागा सहा महिन्यांत सोडून जाते. तर जुन्या पिढीची चूक अशी, कीं पहिल्याचे गुण ती डोळे मिटून दुसऱ्यास बहाल करते.

म्हणून घरांतील तो वाद पुन्हां निघेल, तेव्हां ‘आम्हीं किती सोसलें’ हा प्रश्न बाजूस ठेवून वडिलांनीं दोन प्रश्न विचारावे : हा साहेब तुला कांहीं शिकवितो काय, आणि तूं देतोस त्याच्या मोबदल्यांत तुला काय मिळतें ? पहिल्याचें उत्तर होकारार्थी असेल, तर मुलानें थोडें सोसावें, तें वाया जाणार नाहीं. दोहोंचेंही उत्तर नकारार्थी असेल, तर नोकरी सोडणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं वडिलधाऱ्यांनीं लोखंड्यांच्या निवेदनावरील त्या साडेपांच हजार सह्यांचें स्मरण करावें. त्या करणाऱ्यांपैकीं कष्टाला भिणारा कोण होता ?