कुठल्या कंपनीची घेऊ?

पावसाळा सरला की पौडमधल्या एका फोटो स्टुडिओचं कपाट आम्ही रिकामं करतो. त्यात मुळशी खोऱ्यातली लग्नं, बारशी, जत्रा आहेत. प्रत्येक हार्डडिस्कवर मार्करने साल आणि गावं लिहिलेली: भुकूम, पिरंगुट, माले. एकेक डिस्क डॉकला लावायची आणि सगळी वाचून बघायची. ४ टीबीची डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायला सात-आठ तास लागतात, म्हणून संध्याकाळी लावून सकाळी निकाल पाहायचा. स्टुडिओवाल्याचा प्रश्न दर वर्षी तोच: "दादा, नवी घ्यायची तर कुठल्या कंपनीची? टिकते कुठली?"

प्रश्न रास्त आहे, पण निवड वाटते तेवढी मोठी नाही. हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हार्डडिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. 'हिताची दगडासारखी टिकायची' हे खरं असलं तरी आज दुकानात त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतली बॅकब्लेझ ही डेटा साठवणारी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचे आकडे जाहीर करते. त्यात सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल फार वाईट निघालं. त्याच सीगेटचं ४ टीबीचं मॉडेल त्याच कंपनीत कितीतरी बरं चाललं. म्हणजे नाव मॉडेलचं विचारायला हवं, कंपनीचं नंतर. शिवाय त्या डिस्क थंड हवेच्या खोलीत वर्षभर अखंड फिरतात. याच तालुक्यात हिंजवडीच्या सर्व्हर खोल्यांमध्ये तशी सोय असेल. पौडच्या लोखंडी कपाटात डिस्क अकरा महिने निजून असते, बाहेर ताम्हिणीकडून येणारा पाऊस असतो, आणि बाहेर काढली की कॉपी चालू असतानाच लाईट जाते. त्या आकड्यांत या जगण्याचा हिशेब नाही.

दमट हवेची करामत डोळ्यांनी दिसते. एक डिस्क सुरूच होईना. खालचं हिरवं सर्किट बोर्ड स्क्रू काढून उचललं, तर डिस्कच्या पोटाशी टेकणारे चकचकीत ठिपके काळे पडले होते. पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने ते पुसले, बोर्ड परत बसवलं आणि डिस्क फिरू लागली. ही काही हमखास दुरुस्ती नव्हे. टिकटिक आवाज करणाऱ्या डिस्कवर तर असलं काही करूच नये. ती बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. फोडून आत बघायचा मोह आवरावा, कारण डोकं आणि तबकडी यांच्यातलं अंतर धुळीच्या कणाहून कितीतरी लहान असतं.

या वर्षी एक जोडी लक्षात राहिली: एकच कंपनी, एकच मॉडेल, एकाच दिवशी घेतलेली. तपासणीत एकीची ०५ नंबरची ओळ, म्हणजे बदललेल्या खराब सेक्टरांची मोजणी, शून्यावर होती. दुसरीची वाढलेली होती आणि खूण पिवळी झाली होती. ही खूण हलक्यात घेऊ नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. पहिला खराब सेक्टर बदलला गेल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता असा एकही सेक्टर नसलेल्या डिस्कच्या १४ पटींहून जास्त होती. त्याच अभ्यासात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून शून्यवालीवरही माझा भरवसा नाही.

पिवळ्या डिस्कवर चेकडिस्क चालवायला मी मनाई केली. आधी वाचता येईल तेवढं उतरवून घ्यायचं, दुरुस्तीचं नंतर बघू. मग स्टुडिओवाल्याला म्हटलं, "दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या." एका मॉडेलमध्ये खोट निघाली तर दोन्ही प्रती एकाच सुमारास जाऊ नयेत, एवढाच हेतू. त्याने खर्चाचा विचार केला, जरा कुरकुरला आणि तयार झाला. जोडीतल्या दोन्ही डिस्कमधलं सगळं आता दोन्ही नव्यांवर उतरतंय. एक स्टुडिओत राहील, दुसरी कोथरूडला त्याच्या मेहुण्याकडे जाईल. होळीच्या सुमारास ती परत मागवून पुन्हा पूर्ण वाचायची, असं ठरलंय.