गल्ली कोणत्या दिशेची?

जालना वाळवंटात नाही. पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी पायी बाजाराला निघालेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही. चालत खरेदी करावी, बसून चार घास खावेत असा बाजारचौक इथे आखायचा झाला, तर आपण सुरुवात सावलीपासून करू.

जालन्याचे अक्षांश सुमारे १९.८ अंश उत्तर. त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली नाहीशी होते. त्यानंतर तीन तासांनी ६ मीटर उंच दुकानाची सावली पूर्वेकडे साधारण साडेपाच मीटर पडते. ९ मीटर रुंदीची गल्ली दक्षिणोत्तर असेल, तर निम्म्याहून अधिक झाकली जाते. तीच पूर्व-पश्चिम असेल, तर सावली गल्लीला जवळजवळ समांतर पसरते. चालणाऱ्याला तिचा उपयोग नाही. (रस्ता जितका रुंद तितकी सुधारणा, हे गणित इथे चुकते!)

भर मध्यान्ही मात्र भिंती हात टेकतात. वरून आच्छादन हवे. पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो. कडुनिंबाची पाने बाष्पोत्सर्जनामुळे तितकी तापत नाहीत. खाण्याच्या बाकांवर आम्ही कडुनिंबच निवडू.

एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना आपल्या गावच्या बाजारात न्या आणि दर तासाला सावलीची कड खडूने आखायला सांगा.