उघड्यावरचे ते बेवारशी नव्हे



इंटरनेटवरील छायाचित्रांच्या मालकीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. आरंभ आमच्याच चुकीपासून करणे बरे.

मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी आम्ही मेळावा भरविला होता. पत्रकासाठी चित्र हवे होते. मोबाईलवर शोधता मिरचीच्या ढिगापाशी बसलेल्या एका म्हातारीचा सुरेख फोटो सापडला. कोपऱ्यातील नाव कापून तो आम्ही छापला. आठ दिवसांनी एक तरुण कचेरीत आला. फोटो त्याचा होता. म्हणाला, "काका, तुम्ही लोकायच्या मजुरीसाठी भांडता, माह्या मजुरीचं काय?" आम्ही निरुत्तर झालो.

कायदा काय म्हणतो? आपला प्रताधिकार कायदा १९५७ सालचा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अंमलात आहे. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा मनुष्य. टिपल्या क्षणीच त्याला हक्क मिळतो. नोंदणीची सक्ती नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा हक्क कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला धनी मालक, आणि लग्नात पैसे देऊन काढविलेल्या फोटोचा पहिला धनी गिऱ्हाईक. मात्र हक्क विकला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार फोटोग्राफरकडेच राहतो.

'सौजन्य : इंटरनेट' असे लिहिले की भागले, हा समज खोटा आहे. इंटरनेट हा कोणी धनी नव्हे. अंभोऱ्याच्या पुलाचा फोटो कोणी सर्वांना दाखविला, तर पाहण्याची मुभा मिळाली. छापून धंदा करण्याची नव्हे. शेताला कुंपण नाही म्हणून पीक वाटसरूचे होत नाही. खाजगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी वाजवी वापराची सवलत आहे. पण दुकानाच्या जाहिरातीला तिचा आधार सापडणे कठीण.

ज्याचा फोटो उचलला गेला, त्याने मूळ फाईल व छापील प्रत जपून ठेवावी आणि लेखी नोटीस द्यावी. आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका ग्रामीण स्त्रीची याचिका आली. ओळखीच्या फोटोग्राफरने तिचे छायाचित्र तिला न विचारता छायाचित्रे पुरविणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर चढविले आणि ते सरकारांच्या व एका पक्षाच्या जाहिरातींत झळकले, ही तिची तक्रार. न्यायालयाने प्रश्न गंभीर मानून नोटिसा काढल्या. प्रताधिकार टिपणाऱ्याचा असेल. पण चेहरा तर तिचा आहे!

हे वाचले आणि आमच्या पत्रकावरील म्हातारी आठवली. तरुणाला आम्ही मोबदला दिला, त्याचे नाव छापले. म्हातारीला मात्र कोणीच विचारले नव्हते. त्यानेही नाही, आम्हीही नाही. मग दोघे मिळून तिच्या घरी गेलो.

तेव्हा सांगणे इतकेच : फोटो घेण्यापूर्वी टिपणाऱ्यास विचारा, आणि ज्याचा चेहरा आहे त्यासही विचारा. घामाचा मोल मागणाऱ्याने दुसऱ्याचा घाम फुकट घेऊ नये.