हरूनही मनात घर करणारा रॉकी

सहामाही परीक्षेत आमच्या चिरंजीवांनी गणिताचा पेपर तासाभरातच देऊन टाकला. “येत नव्हतंच, मग बसून काय करू?” वर हे उत्तर! मी स्वतः शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुलांना उपदेश करणारी. त्या दिवशी त्याला नको नको ते बोलले. दोन दिवस घरात अबोला. रविवारी दुपारी त्यानं टीव्हीवर ‘रॉकी’ लावला आणि मेथी निवडत मीही समोर बसले.

खरं सांगते मैत्रिणींनो, मारामारीचे चित्रपट मला मुळीच आवडत नाहीत. पण १९७६ सालच्या ह्या इंग्रजी चित्रपटात मारामारी थोडी आणि माणूस जास्त आहे. रॉकी बाल्बोआ हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या गरीब वस्तीत राहणारा, तिशीचा मुष्टियोद्धा. फुटकळ लढती खेळायच्या आणि पोटासाठी एका सावकाराची वसुली करायची. त्याचा वस्तादसुद्धा त्याचं व्यायामशाळेतलं कपाट दुसऱ्याला देऊन टाकतो! अशात जगज्जेत्या अपोलो क्रीडचा ठरलेला प्रतिस्पर्धी जखमी होतो आणि केवळ टोपणनाव आवडलं म्हणून तो रॉकीला निवडतो.

मग सुरू होते तयारी. पहाटे चारला उठून रॉकी पाच कच्ची अंडी पेल्यात फोडून गटागटा पितो. (इथे आमच्या सासूबाईंनी पदर नाकाला लावला!) शहरातल्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या चढताना पहिल्या दिवशी त्याला धाप लागते, पुढे त्याच पायऱ्या तो धावत चढतो.

लढतीच्या आदल्या रात्री मात्र त्याचा धीर खचतो. एड्रियनजवळ, म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या त्या अबोल मुलीजवळ, तो कबूल करतो की आपण जिंकू शकत नाही. त्याला हवं असतं ते एवढंच, की पंधराव्या फेरीची घंटा होईल तेव्हा आपण पायांवर उभे असावं. आणि तो उभा राहतो. गुणांवर हरतो, पण निकालाकडे त्याचं लक्षच नसतं. सुजलेल्या डोळ्यांनी तो गर्दीत एड्रियनला हाका मारत असतो.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली होती.

ही कथा लिहिणारा सिल्व्हेस्टर स्टॅलन स्वतः तेव्हा ओढगस्तीत दिवस काढत होता. २४ मार्च १९७५ रोजी चक वेपनर ह्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बॉक्सरनं महंमद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत तग धरला. ते पाहून स्टॅलननं चारेक दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. निर्मात्यांना नामांकित नट हवा होता, पण नायक मीच होणार, हा हट्ट त्यानं सोडला नाही. सुमारे दहा लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संकलन अशी तीन ऑस्कर मिळाली.

“आई, दुसऱ्या भागात तो जिंकतो,” चिरंजीव म्हणाले. तो भाग १९७९ चा. त्यानंतरही बरेच भाग निघाले. २००६ मध्ये रॉकीचा पुतळा त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी आला आणि लोक आजही तिथे धावत पायऱ्या चढतात. पण मला वाटतं, त्याला लोकांच्या मनात कायमची जागा दिली ती पहिल्या भागातल्या हरण्यानंच. जिंकणारे थोडे असतात. आपण बाकीच्या सगळ्या रोजची फेरी कशीबशी पुरी करत असतो, नाही का?

मी मात्र मुलाला नेहमी “किती गुण? कितवा नंबर?” एवढंच विचारत आले होते.

परवा वार्षिक परीक्षेतला गणिताचा पेपर झाला. मी विचारलं, “घंटा होईपर्यंत बसलास ना?” तो हसून म्हणाला, “पुरवणीसुद्धा घेतली!”

निकाल लागायचा आहे. गुण कितीही पडोत, त्या दिवशी शिरा करायचा, हे मी ठरवून टाकलंय.