नवी चिप, जुने प्लगइन
नोव्हेंबर 2020 मध्ये इंटेल सोडून अ‍ॅपलने एम1 चिप आणली आणि संगीतनिर्मितीला फायदा झाला, हे खरंच. पण त्याचं श्रेय केवळ कोअरच्या संख्येला देणं चूक. 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर असेल, तर दर 2.67 मिलिसेकंदांत हिशेब संपायलाच हवा. उशीर झाला की आवाजात ‘टक्’ ऐकू येतं. एका ट्रॅकवरचे ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब हे प्लगइन एकामागून एकच चालतात, म्हणून तिथे एकेका कोअरचा वेग निर्णायक ठरतो. ट्रॅक वाढले की जास्त कोअर कामी येतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र शेवटी सगळे ट्रॅक मास्टर ट्रॅकवर एकत्र येतात आणि तिथली प्लगइनची साखळी सहसा एकाच कोअरवर पडते. त्यात इंटेलसाठी लिहिलेले प्लगइन रोझेटा या अ‍ॅपलच्या भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत चालवले, तर मिळवलेला वेग काही प्रमाणात तिथेच खर्ची पडतो. आणि वेग कितीही असला, तरी मोठ्या सॅम्पल लायब्ररींना आधी पुरेशी रॅमच लागते.